लघुउद्योगांसाठी क्लाउड कार्यालय सेवा

क्लाउड कार्यालय सेवा म्हणजे पत्रव्यवहार, दस्तऐवज, हिशेबाचे तक्ते, दिनदर्शिका, दूरस्थ बैठका आणि फाइलींची साठवण ही कार्यालयीन कामे सेवादात्या कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर ठेवून इंटरनेटमार्फत वापरण्याची भाडेतत्त्वावरील व्यवस्था होय. ज्या व्यापक पद्धतीचा ही सेवा एक भाग आहे तिला मराठीत 'मेघ संगणन' असेही म्हणतात. व्यवहारात मात्र 'क्लाउड' हाच शब्द रूढ आहे. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि झोहो वर्कप्लेस ही या सेवांची प्रचलित उदाहरणे असून मुंबईतील रेडिफ या कंपनीची व्यावसायिक ईमेल सेवाही याच प्रकारात मोडते.

दक्षिण व मध्य मुंबईतील गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या जुन्या वस्त्यांत छापखाने, प्रकाशनसंस्था, कापडाची दुकाने, मसाल्याच्या गिरण्या, मूर्तिकारांच्या कार्यशाळा, सनदी लेखापालांची व वकिलांची कार्यालये असे लहान व्यवसाय दाटीने वसलेले आहेत. अपुरी जागा, पावसाळ्यात साचणारे पाणी आणि एका-दोघांच्या हाती असलेला सर्व कारभार यांमुळे व्यवसायाच्या कागदपत्रांची सुरक्षित प्रत अन्यत्र ठेवण्याचा प्रश्न येथे विशेष निकडीचा ठरतो.

संज्ञा व स्वरूप

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्येनुसार क्लाउड संगणनाची पाच लक्षणे आहेत : ग्राहकाला हवी तेव्हा स्वतःहून सेवा घेता येणे, ती विविध उपकरणांवरून वापरता येणे, संसाधनांचा अनेक ग्राहकांत सामाईक वापर होणे, गरजेप्रमाणे क्षमता त्वरेने वाढवता व घटवता येणे आणि वापराचे मोजमाप होणे. याच व्याख्येत सेवांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्यात केवळ संगणकीय पायाभूत सुविधा मिळते, दुसऱ्यात सॉफ्टवेअर घडविण्यासाठी लागणारा मंच मिळतो आणि तिसऱ्यात वापरास तयार असलेले सॉफ्टवेअर मिळते. कार्यालय सेवा या तिसऱ्या प्रकारातील आहेत.

लहान व्यावसायिकांच्या बोलण्यात 'आमचे काम क्लाउडवर आहे' या वाक्याचे निरनिराळे अर्थ असू शकतात. काही जण केवळ फाइली दूरस्थ साठवणीत ठेवतात. काही जण टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर भाड्याच्या दूरस्थ संगणकावर बसवून घेतात व तेथे जाऊन वापरतात. यास बाजारात 'टॅली ऑन क्लाउड' असे म्हणतात. काही जण ईमेलपासून तक्त्यांपर्यंत सर्व कामे एकाच सेवेत करतात. या तिन्ही व्यवस्थांत खर्च, जबाबदारी आणि धोके वेगवेगळे असल्याने त्यांची गल्लत न करणे हिताचे असते. प्रस्तुत लेखात मुख्यतः तिसऱ्या व्यवस्थेचा विचार केला आहे.

सेवेचे शुल्क सामान्यतः प्रतिमाणशी, दरमहा किंवा वार्षिक आकारले जाते. जुन्या मुंबईतील पागडीच्या गाळ्यावर भाडेकरूचा दीर्घकाळ हक्क राहतो. क्लाउड सेवेत तसा कोणताही हक्क निर्माण होत नाही. शुल्क थांबले की ठरावीक मुदतीनंतर सेवा बंद होते आणि त्यापुढील मुदतीत आतील मजकूरही नष्ट केला जातो.

इतिहास

दुसऱ्याच्या संगणकावर आपले काम करून घेण्याची प्रथा मुंबईला नवी नाही. कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसविण्यात आला आणि देशभरातील संस्था व विद्यापीठे आपली गणनकार्ये तेथे पाठवू लागली. १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीच्या आरंभीच्या कामांत टाटा समूहातील पोलाद कंपनीसाठी छिद्रपत्रांवरील माहितीप्रक्रिया आणि सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या शाखांमधील हिशेबांचा मेळ ही कामे होती. संगणक महाग असल्याने तो विकत न घेता त्याची सेवा घ्यावी, हे तत्त्व त्या काळातही होते. फरक इतकाच की तेव्हा कामाचे कागद व छिद्रपत्रे प्रत्यक्ष नेऊन द्यावी लागत.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९६ मध्ये मुंबईत रेडिफची स्थापना झाली आणि पुढे तिची विनामूल्य ईमेल सेवा लोकप्रिय झाली. त्याच वर्षी अॅडव्हेंटनेट या कंपनीची स्थापना झाली. २००९ मध्ये तिने झोहो कॉर्पोरेशन हे नाव घेतले. तिचा ब्राउझरमध्ये चालणारा लेखनसंपादक २००५ मध्ये आला. गूगलने ऑगस्ट २००६ मध्ये ग्राहकाच्या स्वतःच्या संकेतनावावर चालणारी ईमेल व दिनदर्शिका सेवा आणली. तिचे नाव २०१६ मध्ये जी सूट आणि २०२० मध्ये गूगल वर्कस्पेस असे झाले. मायक्रोसॉफ्टने जून २०११ मध्ये ऑफिस ३६५ सुरू केले.

आरंभी या सेवांचा मजकूर परदेशातील माहितीकेंद्रांत साठविला जाई. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, चेन्नई व मुंबई येथे, अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. झोहोचीही भारतातील केंद्रे मुंबई व चेन्नई येथे आहेत. समुद्रतळावरील आंतरराष्ट्रीय केबलींचे किनाऱ्यावर येण्याचे प्रमुख ठिकाण असल्याने मुंबई महानगर प्रदेश हा देशातील माहितीकेंद्रांचा सर्वांत मोठा प्रदेश बनला आहे. त्यांपैकी अनेक केंद्रे नवी मुंबईतील औद्योगिक पट्ट्यात आहेत.

कार्यपद्धती

व्यवसायाने प्रथम स्वतःचे संकेतनाव नोंदवावे लागते. '.in' या भारतीय विस्ताराबरोबरच ऑगस्ट २०१४ पासून '.भारत' हा देवनागरी विस्तारही उपलब्ध आहे. संकेतनाव हा व्यवसायाचा इंटरनेटवरील पत्ता होय. त्याच्या नोंदींमध्ये टपाल कोणत्या सेवादात्याकडे पोहोचवावे हे लिहिलेले असते. ही नोंद बदलली की पुढील ईमेल नव्या सेवादात्याकडे जाऊ लागते. त्यामुळे सेवादाता बदलला तरी ग्राहकांना ठाऊक असलेला पत्ता तोच राहतो. विनामूल्य वैयक्तिक ईमेलवर चालणाऱ्या व्यवसायाला ही सोय नसते.

संकेतनावाच्या नोंदींत आणखी तीन बाबी लिहाव्या लागतात. या पत्त्यावरून टपाल पाठविण्याचा अधिकार कोणत्या संगणकांना आहे, टपालावर डिजिटल मोहोर कोणती असेल आणि मोहोर न जुळल्यास काय करावे, हे त्यांतून ठरते. त्यांना अनुक्रमे एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क म्हणतात. या नोंदी नसल्यास व्यवसायाची खरी पत्रे ग्राहकाच्या नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात जातात आणि त्याच्या नावाने खोटी पत्रे पाठविणे सोपे होते.

दस्तऐवज एकाच ठिकाणी असल्याने अनेक जण एकाच वेळी त्यात लेखन करू शकतात आणि पूर्वीच्या आवृत्त्यांची नोंद राहते. लेखापालाला केवळ वाचण्याचा, भागीदाराला बदल करण्याचा आणि दुकानातील मदतनिसाला एकाच तक्त्यापुरता प्रवेश देता येतो. कोणी काय पाहावे हे ठरविणारे खाते 'प्रशासक खाते' म्हणून ओळखले जाते.

दक्षिण व मध्य मुंबईतील उपयोग

दादर व परळ यांच्या दरम्यानचा हिंदमाता परिसर सखल असल्याने जोरदार पावसात तेथे पाणी साचते. हा भाग कापडाच्या घाऊक व किरकोळ व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून महानगरपालिकेने उदंचनाची सोय केली असून जवळच्या मैदानांखाली साठवण टाक्याही बांधल्या आहेत. तरीही तळमजल्यावरील दुकानदाराला पावसाळ्यात माल व वह्या वर उचलून ठेवाव्या लागतात. मेजाखाली ठेवलेला संगणक आणि त्याच्याशेजारी ठेवलेली बाह्य डिस्क एकाच वेळी भिजल्यास मूळ प्रत व राखीव प्रत दोन्ही जातात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्यात सुमारे ७३ मिलिमीटर. एकाच शहरात, एकाच दिवशी, दोन ठिकाणांची स्थिती इतकी भिन्न होती. राखीव प्रत मूळ प्रतीपासून दूर का असावी, याचे हे बोलके उदाहरण आहे. क्लाउड सेवेचा मूळ उपयोग हाच आहे.

व्यवसायानुसार उपयोग बदलतो. गिरगावातील प्रकाशनव्यवसायात हस्तलिखिताच्या आवृत्त्या, मुद्रितशोधन आणि मानधनाचा हिशेब यांसाठी सामाईक दस्तऐवज उपयुक्त ठरतात. परळ-लालबागच्या मूर्तिशाळांत मूर्तीचे छायाचित्र, उंची, आगाऊ रक्कम आणि सुपूर्त करण्याचा दिवस यांची नोंद एका तक्त्यात ठेवल्यास कार्यशाळेतील व घरातील दोघांनाही ती पाहता येते. हा व्यवसाय हंगामी असल्याने गणेशोत्सवापूर्वी खाती वाढवून नंतर घटविणे शक्य असते. मात्र वार्षिक करार केलेला असल्यास मुदत संपेपर्यंत खाती कमी करता येत नाहीत. लालबागच्या मसाला व्यवसायात नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या मिश्रणाची प्रमाणे वर्षानुवर्षे जपलेली असतात. अशी यादी एकाच वहीत किंवा एकाच भ्रमणध्वनीत असणे हा त्या व्यवसायाचा मोठा धोका होय.

मराठी मजकूर

या वस्त्यांतील छापखाने, प्रकाशक आणि टंकलेखन केंद्रे यांच्यापुढे एक वेगळा प्रश्न असतो. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या खास फॉन्टांत टंकित केला जात असे. अशा फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे वा चिन्हांचे संकेत साठविलेले असतात आणि विशिष्ट फॉन्टमुळे ते देवनागरी दिसतात. ती फाइल क्लाउडवरील संपादकात उघडल्यास अर्थहीन अक्षरांची रांग दिसते, कारण तो फॉन्ट तेथे नसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो. परंतु तो वाचता येत नाही आणि शोधताही येत नाही.

यावर उपाय म्हणजे मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे. रूपांतरकाने जोडाक्षरे, रफार आणि र्‍हस्व वेलांटी यांत चुका राहू शकतात, म्हणून मुद्रितशोधन अटळ असते. मूळ फाइल व तिचा फॉन्ट जपून ठेवावा आणि रूपांतरित प्रत वेगळ्या नावाने साठवावी, ही सुरक्षित रीत होय. मराठी वळणाच्या 'ल' व 'श' या अक्षरांसाठी योग्य फॉन्ट निवडावा लागतो; 'टिरो देवनागरी मराठी' हा असा एक मुक्त फॉन्ट आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता' हा देवनागरी फॉन्टही क्लाउड संपादकांत सहज उपलब्ध असतो.

खात्याची मालकी

लहान व्यवसायांत सेवा सुरू करून देणारी व्यक्ती बहुधा ओळखीतील तरुण, नातेवाईक किंवा संगणक दुरुस्त करणारा कारागीर असते. संकेतनाव त्याच्या नावावर, प्रशासक खाते त्याच्या वैयक्तिक ईमेलवर आणि पडताळणीचा संदेश त्याच्या भ्रमणध्वनीवर, अशी रचना त्यातून नकळत तयार होते. तो गाव सोडून गेला, संबंध बिघडले किंवा क्रमांक बंद झाला, तर दुकानाचा मालक स्वतःच्याच कागदपत्रांना मुकतो. सेवादात्याच्या दृष्टीने जो प्रशासक, तोच ग्राहक. दुकानाच्या पाटीवरील नाव तेथे पुरावा ठरत नाही.

मालकाच्या मृत्यूनंतर हा प्रश्न अधिक कठीण होतो. वह्या कपाटात असतात आणि किल्ली घरात सापडते. क्लाउड खात्याची किल्ली मात्र मृत व्यक्तीच्या स्मरणात किंवा कुलूपबंद भ्रमणध्वनीत असू शकते. म्हणून पुढील दक्षता घेतल्या जातात :

- संकेतनाव व्यवसायाच्या किंवा मालकाच्या नावे नोंदविणे आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवणे.
- किमान दोन विश्वासू व्यक्तींकडे प्रशासकाधिकार असणे.
- द्विस्तरीय पडताळणीचे राखीव संकेतांक कागदावर छापून महत्त्वाच्या दस्तऐवजांबरोबर ठेवणे.
- दैनंदिन कामासाठी प्रशासक खाते न वापरणे.
- नोकरी सोडणाऱ्याचे खाते तत्काळ न पुसता प्रथम त्याचा प्रवेश बंद करणे व मजकूर दुसऱ्या खात्याकडे वर्ग करणे.

शेवटच्या बाबीला कालमर्यादेचे बंधन आहे. पुसलेले खाते गूगल वर्कस्पेसमध्ये २० दिवसांपर्यंत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवसांपर्यंत परत मिळविता येते.

कायदेशीर बाजू

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना कायदेशीर मान्यता आहे. न्यायालयात असे अभिलेख पुरावा म्हणून सादर करताना १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.

वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेबाची पुस्तके संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे आवश्यक असते. ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवता येतात. सेवा बंद करून खाते पुसण्यापूर्वी ही मुदत ध्यानात घ्यावी लागते. कंपनी म्हणून नोंदणी झालेल्या व्यवसायांवर आणखी एक बंधन आहे : पुस्तके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवल्यास त्यांची राखीव प्रत भारतात प्रत्यक्ष स्थित असलेल्या संगणकावर असली पाहिजे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती दररोज घेतली गेली पाहिजे. एकल मालकीच्या वा साध्या भागीदारीच्या दुकानाला कंपनी कायद्याचा हा नियम लागू होत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार ग्राहकांची माहिती ज्या हेतूने व पद्धतीने वापरली जाते ते ठरविणारा व्यवसायच तिच्या रक्षणास जबाबदार असतो. साठवण दुसऱ्या कंपनीकडे सोपविल्याने ही जबाबदारी संपत नाही. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील बंधने टप्प्याटप्प्याने लागू होतात. संगणक सुरक्षेशी संबंधित गंभीर घटनांची माहिती ती लक्षात आल्यापासून ६ तासांत द्यावी, असे भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत.

मर्यादा व धोके

इंटरनेट व वीज. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा खंडित झाला आणि लोकल गाड्याही थांबल्या. अशा वेळी दूरस्थ मजकूर सुरक्षित असतो, परंतु दुकानातून तो पाहता येत नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील केबली तुटल्याने भारतातील इंटरनेट मंदावले होते. गिऱ्हाईक समोर उभे असताना लागणारी बिले व दरपत्रके जोडणीशिवाय उघडतील अशी सोय आधीच करून ठेवावी लागते.

सेवेतील बिघाड. मोठ्या कंपन्यांच्या सेवाही बंद पडतात. १४ डिसेंबर २०२० रोजी गूगलच्या ओळख-पडताळणी यंत्रणेतील दोषाने जीमेलसह अनेक सेवा जगभर सुमारे पाऊण तास ठप्प होत्या. २५ जानेवारी २०२३ रोजी जाळ्यातील बदलामुळे मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक व टीम्स या सेवा काही तास विस्कळीत झाल्या.

समक्रमण व राखीव प्रत. दोन उपकरणांवर एकच फाइल सारखी ठेवणे म्हणजे समक्रमण. एका ठिकाणी फाइल पुसली किंवा खंडणीखोर प्रणालीने तिचे कुलूपबंद रूप केले, तर तोच बदल दुसरीकडेही पोहोचतो. राखीव प्रत ही स्वतंत्र असते व अशा बदलापासून अलिप्त राहते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतील फाइल ३० दिवसांनी आपोआप नष्ट होते. महिन्यातून एकदा सर्व मजकूर वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क दुकानाऐवजी घरी ठेवणे, हा अल्पखर्चाचा उपाय आहे.

धोरणबदल. गूगलने व्यावसायिक सेवेची विनामूल्य आवृत्ती डिसेंबर २०१२ मध्ये नव्या ग्राहकांसाठी बंद केली आणि जानेवारी २०२२ मध्ये जुन्या विनामूल्य ग्राहकांनीही सशुल्क योजनेत यावे असे जाहीर केले. पुढे वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी सवलत देण्यात आली. व्यवसायांना मात्र शुल्क भरणे भाग पडले.

सेवा रोखली जाणे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलकंपनीची मायक्रोसॉफ्ट सेवा रोखण्यात आली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंत सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळात तिने रेडिफच्या ईमेल सेवेचा आधार घेतला. ही मोठी कंपनी असल्याने तिला न्यायालय व पर्याय दोन्ही तातडीने गाठता आले. लहान व्यवसायाचे खाते शुल्क थकल्याने किंवा संशयास्पद हालचालीच्या खुणेवरून गोठविले गेल्यास त्याच्याजवळ बहुधा केवळ तक्रारअर्जाचा मार्ग उरतो. म्हणून स्वतःच्या ताब्यातील प्रत आणि स्वतःच्या नावाचे संकेतनाव या दोन गोष्टी निर्णायक ठरतात.

फसवणूक. पुरवठादाराच्या ईमेल खात्यात शिरून किंवा त्याच्यासारखा दिसणारा पत्ता वापरून 'आमचे बँक खाते बदलले आहे' असे पत्र पाठविणे, हा फसवणुकीचा परिचित प्रकार आहे. असा बदल जुन्या, ठाऊक असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून पडताळावा. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदविता येते.

स्थलांतर

जुन्या व्यवस्थेतून क्लाउड सेवेकडे जाताना सर्व कामे एकदम हलविणे टाळले जाते. प्रथम संकेतनाव व ईमेल, नंतर चालू वर्षाचे दस्तऐवज आणि शेवटी जुना संग्रह, असा क्रम सोयीचा असतो. हिशेबाचे काम आर्थिक वर्षाच्या आरंभी, म्हणजे १ एप्रिलच्या सुमारास हलविल्यास दोन ठिकाणच्या नोंदींचा घोळ होत नाही. काही आठवडे जुनी व नवी व्यवस्था समांतर चालवून एखादी फाइल मुद्दाम पुसावी आणि ती परत मिळविता येते का हे पाहावे. परत मिळविण्याची चाचणी न घेतलेल्या राखीव प्रतीवर विसंबून राहता येत नाही.

सेवादात्याची निवड करताना शुल्काबरोबरच मजकूर कोणत्या देशात साठविला जातो, वस्तू व सेवा कराचे योग्य बिल मिळते का, मराठी लेखनाची सोय कशी आहे, अडचणीच्या वेळी माणसाशी बोलता येते का आणि सेवा सोडताना सर्व मजकूर सर्वमान्य स्वरूपात उतरवून घेता येतो का, हे प्रश्न विचारले जातात. व्यवसाय नोंदणीकृत असल्यास सेवेवरील कराची वजावट मिळू शकते. त्यासाठी खात्यात व्यवसायाचा करनोंदणी क्रमांक भरलेला असावा लागतो. आपसमेळ योजनेतील व्यापाऱ्यांना ही वजावट मिळत नाही.

हे सुद्धा पहा

- क्लाउड संगणन
- युनिकोड
- माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
- सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग
- वस्तू व सेवा कर
- गिरगाव
- लालबाग